काहिलीतला धोंडा

धरण भरायला लागलं की आमच्या म्युझियममधल्या होड्या अंग धरतात. धरण तिकडं पैठणला, होड्या इकडं हर्सूलच्या तलावाजवळ एका जुन्या पंपघरात, मधे सगळं शहर पसरलेलं. तरी श्रावण लागला की लाकडाला कळतं. भिंतींना ओल येते, वल्ह्यांवर पांढरी बुरशी धरते, आणि मी फडक्याला जवसाचं तेल लावून एकेक वल्हं पुसत बसते. तेलाचा वास हाताला राहतो. घरी भाकरी थापताना पिठाला लागतो.

म्युझियम सरांचं आहे. सरांनी सगळी नोकरी पोरांना खेळ शिकवण्यात घालवली, त्यातही त्यांचा जीव कनूवर. कनू म्हणजे दोन्हीकडून निमुळती, अरुंद होडी. एक गुडघा टेकून बसायचं आणि एकाच बाजूनं वल्हं मारायचं. सरांनी कोकणातून झाडाचं खोड कोरून केलेली होडी आणली, शर्यतीच्या जुन्या होड्या आणल्या, फाटलेली जाकिटं, पोरांचे फोटो, पदकं, सगळं मांडलं. माणूस पहिल्यांदा पाण्यावर कसा बसला इथपासून भिंतीवर लिहिलंय. मी झाडू मारते, पुसते, चहा करते. सगळे मला मावशी म्हणतात.

सकाळी ज्या रिक्षात बसते तो रिक्षावाला रोज एकच बोलतो. नल को पानी नहीं, और नावां देखने को जाते लोगां. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसाला येतो. येतो तो त्याच धरणातून येतो. पिंपात धार पडते तेव्हा मला वाटतं, हे पाणी मला ओळखत असेल. आमच्या गावचा रस्ता याच पाण्यात गेला होता.

गाव धरणाच्या फुगवट्याच्या कडेला होतं. उन्हाळ्यात पाणी मागं सरायचं, मग उघड्या पडलेल्या गाळात लोक काकडी, खरबूज लावायचे, आणि रस्ताही वर यायचा, चिखलानं माखलेला, मैलाच्या दगडासकट. श्रावण-भादव्यात पाणी परत चढायचं. आज बांधापर्यंत, उद्या बाभळीच्या बुंध्यापर्यंत. आम्ही पोरं काडी रोवून बघायचो. काडी बुडाली की ओरडत घरी जायचो, जशी काही आनंदाची बातमी. मग रस्ता जायचा, तो थेट होळीनंतर दिसायचा.

गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा पल्याडच्या गावात, नदीची मूळ धार ओलांडून; तिथलं पाणी उन्हाळ्यातही आटायचं नाही. मी चौथीत पहिली आले होते. गुरुजींनी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घरी येऊन सांगितलं की पोरीला पुढं घाला. अण्णा म्हणाले, एकटी पोरगी पाण्यावरून कशी धाडू, एक वर्ष थांबू द्या, दत्ता चौथी झाला की दोघं जोडीनं जातील. दत्ता माझा धाकटा भाऊ. मला ते बोलणं लई आवडलं. जोडीनं.

ते वर्ष मी शेळ्यांमागं काढलं. चौथीचं पुस्तक शेळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची, विसरू नये म्हणून. दत्ताचे पाढे मीच पाठ करून घेतले. तो नापास झाला असता तर माझंही वर्ष गेलं असतं. सतराचा पाढा त्याला येईना तेव्हा मी त्याला चिमटे काढले आहेत. अजून त्याच्या दंडावर वण असेल.

आमच्याकडं होडी नव्हती. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची लोखंडी काहील होती, मोठी, गोल, उथळ. गुऱ्हाळ बंद पडलं तसं अण्णांनी ती पाण्यात घातली. काहिलीला ना पुढचं टोक ना मागचं. वल्हवणारा एका कडेला गुडघे टेकून बसतो, तेवढीच कड खाली जाते आणि समोरची वर उठते. समोर वजन नसलं तर काहील जागच्या जागी गिरक्या घेते, नाहीतर पाणी आत घेते. म्हणून समोर कुणीतरी बसावं लागतं. काही करायचं नाही, हलायचं नाही, नुसतं जड व्हायचं. तराजू सरळ राहावा म्हणून दुकानदार हलक्या पारड्याखाली पासंग बांधतो, तसं.

पहिल्या दिवशी मी वेणीला नवी रिबीन बांधली. आईनं दोन फडक्यांत दोन भाकरी दिल्या होत्या. अण्णा एका कडेला, मी समोरच्या कडेला, दत्ता मधे दप्तर डोक्यावर घेऊन. पाण्यातनं बाभळींचे वाळलेले शेंडे वर आलेले, त्यांना चुकवत अण्णा वल्हं मारत होते. काहील लोखंडाची, उन्हानं तापायची, मांड्या भाजायच्या, आणि बुडाशी पाण्याचा थंडगार चटका. पल्याडच्या काठावर घंटा ऐकू आली. दत्ता उतरला. मी माझी पिशवी घेऊन उठले, तशी काहील हलली.

अण्णा म्हणाले, "तू कुठं निघाली? खाली बस. माघारी जाताना काहील कोण धरील?"

मला आधी समजलंच नाही. मी बसले. दत्ता वळून बघत होता. आईनं दोन भाकरी दिल्या होत्या त्यातली माझी मी त्याला दिली का परत आणली, ते काही केल्या आठवत नाही. बाकी सगळं आठवतं. आईला ठाऊक होतं का नव्हतं, हेही मी कधी विचारलं नाही. ती गेली.

दिवसातनं चार खेपा व्हायच्या. सकाळी नेताना आणि येताना, संध्याकाळी तसंच. चारही खेपांना मी. शाळेच्या काठाला रोज दोनदा लागत होते, आणि पाय एकदाही टेकला नाही. संध्याकाळी थोडं लवकर पोचलो तर वर्गातला आवाज पाण्यावरनं यायचा. एक बाई कविता म्हणून घ्यायच्या. पोरं ओरडून म्हणायची, मी ओठातल्या ओठात. अण्णांचं लक्ष गेलं की म्हणायचे, तोंड हलवू नको, काहील हलती. काहील तोंडानं हलत नाही हे मला कळत होतं.

तो सगळा भादवा मी विचार केला. मी हुशार होते, गुरुजी म्हणालेच होते. आणि मग एका सकाळी, अण्णा खुशीत दिसले तसं, बोलून टाकलं. "अण्णा, येताना माझ्या जागी धोंडा ठिवा की. मग मी बी दत्तासंग शाळेत थांबंन."

अण्णांनी वल्हं थांबवलं. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं मारतील. ते म्हणाले, "डोकं हाय पोरीला."

ती दुपार माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दुपार. काठाकाठानं फिरून मी धोंडा शोधला. गोल नको, गडगडंल. फार चपटा नको, वजन भरायचं नाही. शेवटी एक काळा, बुडाशी सपाट असा मिळाला. मी आणि दत्तानं लोटत लोटत तो घराशी आणला. अण्णांनी लिंबाच्या फांदीला कापूस मोजायचा तराजू टांगला. एका पारड्यात धोंडा, एका पारड्यात मी पाय आखडून. सगळी आळी बघायला गोळा झाली. माझी काकू म्हणाली, लोक लेकराची तुला गुळाची करतात, हिची धोंड्याची चाललीय. सगळे हसले, मीही हसले. धोंड्याचं पारडं जरासं खाली गेलं, मी वर राहिले. अण्णांनी दोरी चाचपली आणि समाधानानं मान हलवली. मग धोंड्याला सुंभाची दोरी आवळून बांधली, काहिलीत सरकू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन पाण्याशी गेले. धोंडा आधीच काहिलीत होता, माझ्या जागेवर. दत्ता मधे बसलेला. मी पाय टाकायला गेले तर अण्णांनी वल्ह्यानं काठाला रेटा दिला. मी म्हणाले, येताना ठेवायचा होता.

"जाताना बी तोच येईल की," अण्णा म्हणाले. "तुझ्याहून धोंडा बरा. त्याला भूक लागत नाय."

काहील निघाली. सरळ, अजिबात न डुलता. माझ्याच्यानं कधी इतकी सरळ गेली नव्हती.

पाच वर्षं तो धोंडा शाळेला गेला. चौथ्या वर्षी माझं लग्न झालं.

पुढं तिकडं पूल झाला. काहील गोठ्यामागं पालथी पडून होती, कोंबड्या तिच्यावर बसायच्या. दत्ता आता सिल्लोडला हायस्कूलवर मुख्याध्यापक आहे. सरांचं म्युझियम कुणाकडून तरी त्याच्या कानावर गेलं आणि गेल्या वर्षी याच दिवसांत त्यानं टेम्पोतून काहील पाठवली, धोंड्यासकट. मी तिथं कामाला आहे हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. मी दार उघडलं, टेम्पोवाल्यानं फळकूट खाली टाकलं, आणि मी समोर बघते तर काहील. माझ्या हातातला झाडू मी कुठं ठेवला ते संध्याकाळपर्यंत सापडलं नाही.

सरांना मी काही बोलले नाही. मला लोकांसमोर बोलायला जमत नाही. दत्तानं पाठवलेल्या माहितीवरनं सरांनी पाटी केली. लोखंडी काहील, धरणाच्या फुगवट्यात होडी म्हणून वापर, देणाऱ्याचं नाव. धोंड्यापुढं वेगळी छोटी पाटी: होडी थांबवायचा दगडी नांगर. मी रोज दोन्ही पाट्या पुसते. एकदा कुणा म्हातारीनं धोंड्याला देव समजून कुंकू लावलं होतं. ते मलाच ओल्या फडक्यानं काढावं लागलं. दगडाच्या बारीक भोकांत लाल राहिलंय अजून.

दारात सरांनी एक वही ठेवली आहे. माहितीत चूक दिसली तर इथं लिहा, असं वर लिहिलंय. लोक त्यात छान, सुंदर, पंखा लावा, असं लिहितात. वर्षभर मी ती वही पुसताना उघडते. माझं वाक्य तयार आहे. हा नांगर नाही, धोंड्याच्या आधी या जागेवर एक मुलगी बसायची. एवढंच. नावसुद्धा नको. पण झाडणाऱ्या बाईचं खरं का मुख्याध्यापकाचं? कुणीतरी एकानं व्हय म्हणायला पाहिजे. आळीतली जुनी माणसं गेली, पांगली; बघितलेली दोनच उरलीत, दत्ता आणि अण्णा.

या श्रावणात दत्ता शाळेची पोरं घेऊन म्युझियम बघायला आला. मी कपबशा घेऊन कोपऱ्यात उभी होते. त्यानं काहिलीच्या कडेवर हात ठेवून पोरांना सांगितलं, की तो आणि त्याचे वडील, दोघंच, रोज हे पाणी कापत जायचे, आणि समोर हा दगड असायचा, वादळ आलं तर टाकायला. शिकायचं असलं की पाणी आडवं येत नाही, असं म्हणाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी डोळे पुसले.

पोरं बाहेर डबे खायला बसली तेव्हा मी त्याला हात धुवायच्या नळाशी गाठलं. म्हटलं, दत्ता, पाटीवर तेवढं लिहायला सांग, मी बसत होते म्हणून. त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं.

"आता कशाला उकरती, सुमे? पोरं विचारतील, मग ती बहीण का नाय शिकली. काय सांगू? म्हाताऱ्याची अब्रू घालू का माझी?"

मी म्हटलं, कुणाचीच घालू नको, नुसतं बसायची म्हण. तेवढ्यात सर आले. दत्तानं रुमालानं हात पुसले, माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "मावशी, पोरांना पाणी द्या जरा."

मी पाणी दिलं. सत्तर-ऐंशी पोरं असतील. एका पोरीनं ग्लास परत देताना मला थँक्यू म्हटलं.

त्यानंतर चार दिवसांनी सरांनी सगळ्या वस्तूंची मापं घ्यायला काढली. माहिती सांगणारी श्रुती म्हणून एक पोरगी आहे, कॉलेजात शिकते, ती लिहून घेत होती. धोंडा काट्यावर ठेवायला मला सांगितलं. मी खाली वाकले, दोन्ही हात घातले आणि उचलला. पोटाशी धरला तेव्हा दोरीचे टोचे पोलक्यातनं लागले. काट्यावर सव्वीस किलो भरले. म्हणजे मी त्याहून थोडी कमी. अकरा वर्षांची पोरगी उचलून बघायला मला एवढी वर्षं लागली. जड नव्हती काही.

सर चष्मा वर करून धोंड्याकडं बघत राहिले. शर्यतीतल्या माणसाला वजनाचं कळतं. म्हणाले, "एवढ्याशा काहिलीला सव्वीस किलोचा नांगर? काहीतरी चुकतंय."

श्रुतीनं पेन थांबवलं. दोघांनीही, कशामुळं कोण जाणे, माझ्याकडं बघितलं. आजवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. वाक्य तोंडात आलेलं होतं, नुसते ओठ उघडायचे होते. पण तोंड हलवलं की काहील हलते.

"पाणी लई खोल असंल, सर," मी म्हणाले.

सरांना पटलं. श्रुतीनं लिहिलं. आता पाटीवर आहे: खोल पाण्यासाठी जड नांगर. ती ओळ माझी आहे. म्युझियममध्ये माझं तेवढंच.

अण्णा माझ्याकडंच असतात. अर्धांगाचा झटका आला तेव्हा दत्तानं चार महिन्यांसाठी म्हणून आणून सोडले, त्याला दोन वर्षं झाली. डावं अंग गेलंय. बसवलं की डावीकडं कलतात, हळूहळू, पाणी शिरलेल्या काहिलीसारखे, आणि मग एकदम आडवे होतात. म्हणून जेवताना मी डाव्या बाजूला टेकून बसते. त्यांचा भार माझ्या खांद्यावर. मालकांची वाळूजला कंपनीत शिफ्ट असते, मी कामावर, तेव्हा बाजूला गोधडीची वळकटी लावून जाते. वळकटी सरकते. कितीदा येऊन बघते तर गाल फरशीला लागलेला, लाळ वाहिलेली.

धोंडा मोजला त्या संध्याकाळी मी त्यांना भात भरवत होते. नळाचा दिवस होता, पिंपात धार पडत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की अण्णा, आपली काहील आठवती का. तोंड वाकडं झालंय, तरी हसले. बोलणं अडखळत येतं पण कळतं. म्हटलं, धोंड्याच्या आधी समोर कोण बसायचं?

"कोण बसतंय? धोंडाच." घास गिळला. "लई गुणी धोंडा. पाच वर्सं बसला, एक शबुद नाय."

म्हटलं, मी नव्हते का बसत?

"तू?" त्यांनी खांद्यावरनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "तू पाण्याला भ्यायचीस. पोरीला कोण नेतंय पाण्यावर."

खोटं बोलत नव्हते. खोटं बोलताना अण्णा डोळे बारीक करतात, मला माहीत आहे. त्यांच्या डोक्यात खरंच तिथं कुणी नाही. मी उरलेला भात भरवला. पिंप भरून वाहायला लागलं होतं, ते बंद करायला मला उठता येईना, मी उठले असते तर ते पडले असते. पाणी उंबऱ्यावरनं गल्लीत गेलं. शेजारीण ओरडली, आठ दिवसाचं पाणी सांडता का म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी मी मोरीमागचा पाटा बाहेर काढला. मिक्सर आल्यापासनं तो तसाच उभा होता. धुतला, पुसला, जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि सुंभानं करकचून बांधला. सुंभ म्युझियममधनं आणला होता, होड्या बांधायचा उरलेला. अण्णांना भिंतीशी बसवलं आणि पाटा डाव्या कुशीला लावला. एकदा मागं सरून बघितलं. कलत नव्हते.

त्यांनी उजव्या हातानं लुगड्यावरनं चाचपलं. "टोचतंय," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "सुमे, तूच बस की."

मी चप्पल घातली. म्हटलं, "ह्याला भूक लागत नाय, अण्णा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. उजवा डोळा थोडा हलला. आठवलं का, ते मी विचारलं नाही. रिक्षा निघून गेली असती.

दिवसभर मी वल्ही पुसली. संध्याकाळी आले, कुलूप काढलं. अण्णा सकाळी ठेवले तसेच होते, ताठ, भिंतीशी, डोळे तेवढे माझ्याकडं वळले. जरासुद्धा कलले नव्हते.

पाटा लई गुणी निघाला.